पत्रकारितेच्या पदवीचे पैसे वसूल होतात का?

प्रश्न : मुलीला पत्रकारितेची पदवी घ्यायची आहे. कर्ज काढावं लागेल. ते परवडेल का, हे कसं ठरवावं?

उत्तर : नुसती फी धरू नका. राहणं-खाणं, लॅपटॉप, बिनपगारी इंटर्नशिपचे महिने आणि शिकताना बुडणारी कमाईही त्यात मिळवा. 10 टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर दर 1,000 रुपयांमागे महिना सुमारे 21 रुपये हप्ता बसतो, म्हणजे एकूण 1,275 फेडावे लागतात. तो हप्ता सुरुवातीच्या, हातात पडणाऱ्या पगाराशी ताडून बघा. कॉलेजं सरासरी पगार सांगतात. दोन-चार मोठ्या पगारांनी ती फुगते, म्हणून मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, मागा. नोकरी लागलेल्यांपैकी बातमीदारीत किती आणि जनसंपर्कात किती, हे जरूर विचारा! हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्शावर जात असेल, तर आमच्या मते कमी फीचं कॉलेज घ्यावं. नोकरी देताना संपादक छापून आलेल्या बातम्याही बघतात; त्या पहिल्या वर्षापासून जमवता येतात.