सूर-सवाल : खंजिरी दवात, पेटी थंडीत

प्रश्न : आमच्या मंडळाची खंजिरी दुपारी टणटण वाजते. कार्तिकात पहाटे काकड्याला बसलो की तीच खंजिरी ओल्या गोणपाटासारखा आवाज देते. जाणते लोक म्हणतात, घोरपडीचं कातडं लावा, त्याला दव बाधत नाही. खरं आहे का?
— भजनी मंडळ, तिवसा तालुका

उत्तर : घोरपडीचा विषय आधी संपवू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पूर्ण संरक्षण आहे. मारणं तर सोडाच, कातडं जवळ ठेवणंही गुन्हा आहे. शिवाय दव त्या कातड्यालाही बाधतं. दक्षिणेकडचे खंजिरीवाले सूर उतरवायला तेच कातडं मुद्दाम ओलं करत आले आहेत, त्यावरून काय ते समजा.

बकरीचं पातळ कातडं पुरतं. मढवण्यात घाई केली की मात्र खंजिरी बिघडते. केस काढलेलं कातडं पाच-सहा तास साध्या पाण्यात भिजू द्या. निथळवून कड्यावर टाका आणि समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ताणत खिळे मारा. सायकलचं चाक आरे आवळून सरळ करतात, त्याच क्रमाने. एका बाजूने गोल फिरत खिळे मारत गेलात तर सगळा ताण शेवटच्या टोकाला जमतो आणि कडं लंबगोल होतं. दोन दिवस सावलीतच वाळवा. उन्हात कडेचा भाग आधी वाळतो, मधला मागे राहतो आणि खिळ्यापाशी चीर जाते.

पहाटे शेकायची असेल तर पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर धरू नका. पऱ्हाटी भपकन पेटते आणि तशीच विझते. तेवढ्यात कातडं करपतं, पण आतली ओल जात नाही. बाभळीचे निखारे घ्या, वीतभर वर धरा आणि खंजिरी सतत फिरवत राहा. बोटाने टिचकी मारून पाहा. आवाज वर चढायचा थांबला की शेकणं थांबवा, त्यापुढे फक्त फाटणं उरतं. दोन खंजिऱ्या ठेवून एक शालीत गुंडाळायची, एक वाजवायची, ही युक्ती शेकण्यापेक्षाही बरी.

पंढरीच्या वाटेवर मृदंग आणि आपल्याकडे खंजिरी, असं का, हेही तुम्ही विचारलं आहे. मृदंगाला वादक वेगळा लागतो. खंजिरीत थाप आणि झांज एकाच हातात येते, गाणारा स्वतःच वाजवतो. तुकडोजी महाराज (1909–1968) गावोगाव फिरत खंजिरीवर भजन म्हणायचे. मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गावोगावच्या मंडळांनी तीच रीत उचलली. त्यामुळे आपल्या भजनाचा ठेकाही बोलण्याच्या जवळचा राहिला. शब्द ऐकू गेला पाहिजे, मग ताल.

प्रश्न : मृदंगाच्या डाव्या पुडीला (कातड्याच्या तोंडाला) कणीक लावतो. तासाभरात ती पडते, नाहीतर भुगा होतो. काय चुकतं?
— आर्वीकडून

उत्तर : पीठ कोणतं, ते लिहिलेलं नाही. घरात भाकरीचं पीठ हाताशी असतं म्हणून ज्वारीचा गोळा लावला असेल, तर चूक तिथंच आहे. ज्वारीला चिकटपणा नाही, थापेखाली भुगा होणारच. गव्हाची कणीकच हवी. चपातीपेक्षा किंचित सैल मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग मोठ्या लिंबाएवढा गोळा घ्या. पुडीच्या मधोमध ओलं बोट फिरवून गोळा दाबून बसवा. मधे जाड, कडेला पातळ. आवाज उजव्या पुडीच्या षड्जाच्या (‘सा’च्या) बरोबर एक सप्तक खाली यायला हवा. वर राहिला तर थोडी कणीक वाढवा, फार खाली जाऊन घुमू लागला तर चिमूटभर काढा.

वाजवताना कडा पांढुरक्या दिसू लागल्या की ओलं बोट फिरवा. कार्यक्रम संपताच कणीक काढून पुडी कोरड्या फडक्याने पुसायची, यात आळस नको. रात्रभर राहिलेल्या कणकेला बुरशी येते आणि उंदीर तिच्यासोबत पुडीही कुरतडतात. धानाच्या कोठीशेजारी मृदंग ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको.

प्रश्न : शहरातून आलेले गायनाचे सर म्हणाले, तुम्ही गात नाही, ओरडता. पट्टी उतरवा. आम्ही उतरवली तर भजन मेल्यासारखं वाटतं.
— हिवरखेडचे वाचक

उत्तर : सरांचं अर्धं बरोबर आहे. बंद खोलीत तंबोऱ्यापाशी गायलेला आवाज चार भिंती धरून ठेवतात. देवळाच्या पटांगणात भिंत नाही. समोर शंभर माणसं, मागे बैलांच्या घंटा. तिथं वरच्या पट्टीचा, थोडा नाकातून येणारा टोकदार आवाजच दूर जातो. तो गावाने गरजेतून घडवलेला आवाज आहे, त्याला दोष देऊ नये.

पण घसा बसतो हेही खरं. बहुतेक मंडळांत मुख्य गायक काळी एक-दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, सुरू करतो. रंग चढला की झीलकरी, म्हणजे मागे साथीला गाणारे, सूर वर ओढत नेतात, आणि पेटीवाला मुकाट्याने पट्टी बदलत पांढरी चारपर्यंत पोचतो. पेटीवाल्याने पट्टी धरून ठेवावी, ओढले गेलात तरी सोडू नये. दुसरी गोष्ट मायकची. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा लावायला बंदी आहे. सवलतीचे मोजके दिवस वगळले तर दहाच्या ठोक्याला मायक बंद होतो, आणि त्यावर रेलून गाणारा नेमका तेव्हा ओरडू लागतो. म्हणून उलटा क्रम लावा. मायक असताना काळी एकमध्ये शांत भजनं, बंद झाल्यावर पट्टी एकच वाढवा आणि गायक दोन करा.

प्रश्न : मी कीबोर्ड वाजवतो. झाडीपट्टीच्या नाटकात साथ करायची इच्छा आहे. काय तयारी लागेल?
— लाखांदूर परिसरातला तरुण

उत्तर : आधी हंगाम समजून घ्या. धान कापून घरात आलं की भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू होते, आणि साधारण होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गावोगाव नाटकं लागतात. धंद्याचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. बोलणी दिवाळीच्या आधी होतात, पौषात जाऊन काम मागितलं तर हाती फार लागत नाही. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि नाटक एकाच गावात जोडीने लागतात. 2014 मध्ये शर्यतींवर बंदी आली, 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्रात परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्यामुळे पटाच्या तारखाही वहीत ठेवा.

नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणी जिवंत, साथही जिवंत, वादक रंगमंचासमोर. प्रेक्षकांनी वन्समोअर दिला की गाणं पुन्हा, कधी तिसऱ्यांदा. म्हणजे पट्टी बदलण्याची तयारी तोंडपाठ हवी. नायक काळी दोनमध्ये, नायिका काळी पाचमध्ये, आणि पाठोपाठ दोघांचं द्वंद्वगीत. कीबोर्डवरच्या ट्रान्सपोज बटणावर अवलंबून राहू नका. प्रवेशाच्या गडबडीत ते परत शून्यावर आणायचं राहून जातं, आणि पुढच्या गाण्यात सगळ्यांसमोर फजिती होते.

खरी अडचण ट्यूनिंगची. कीबोर्डची पांढरी सहा 440 हर्ट्झवर असते, जुनी पेटी तिथं असतेच असं नाही. मधल्या सप्तकातली पांढरी सहा पेटी आणि कीबोर्ड दोन्हींवर एकदम धरा. आवाज ‘वाव-वाव’ असा हेलकावला की सेकंदात किती हेलकावे आले ते मोजा. तीन आले तर फरक तीन हर्ट्झचा. पेटी चढी वाटली तर कीबोर्डचं ट्यूनिंग 443 करा, उतरी वाटली तर 437. पेटीचे सूर घासायच्या भानगडीत पडू नका. पेटीतल्या पितळी जिभेच्या टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

मध्यरात्रीनंतर आणखी एक गंमत होते. डिसेंबरच्या थंडीत बासरी उतरते, कातड्याची वाद्यं दवाने उतरतात, पेटी जवळपास तिथंच राहते आणि कीबोर्ड हलतच नाही. दोनच्या सुमाराला सगळं बेसूर वाटू लागलं तर वादकावर चिडू नका. बासरी अंगरख्यात उबदार ठेवायला सांगा, गाण्याआधी दोन मिनिटं फुंकून घ्यायला लावा. तबल्याचा गजरा (पुडीच्या कडेची विणलेली कातडी पट्टी) हातोडीने ठोकून सूर परत आणता येतो, त्यासाठी प्रवेशांमधली वेळ आधी ठरवून घ्या. स्वतःसाठी बोटं उघडी राहतील असे लोकरी हातमोजे घ्या. गारठलेली बोटं जलद तानेला दगा देतात.

प्रश्न : शाळेत भुलाबाईची गाणी बसवते आहे. मुली वरच्या सुरात किंचाळतात. पट्टी कोणती?
— शिक्षिका, दर्यापूर तालुका

उत्तर : भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत ही गाणी सहा वर्षांची मुलगी आणि सोळा वर्षांची बहीण एकत्र म्हणतात. म्हणूनच बहुतेक चाली चार-पाच स्वरांतच फिरतात. पांढरी दोन ते पांढरी चारमध्ये षड्ज धरा. पेटीचा फक्त पहिला सूर द्या आणि झाकण लावा, पूर्ण चाल वाजवलीत की मुली पेटीच्या मागे धावतात. टिपऱ्या मात्र हातात हव्यातच, त्यांच्याविना लय पळते.