रॉकेटच्या नळीसाठी कोणता फायबर?

प्रश्न : मॉडेल रॉकेटच्या नळीसाठी व्हल्कनाइज्ड फायबरची कोणती प्रत घ्यावी?

उत्तर : सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद झिंक क्लोराइडच्या द्रावणातून काढून, थरावर थर दाबून आणि क्षार धुऊन हा फायबर तयार होतो, नावात ‘व्हल्कनाइज्ड’ असले तरी त्यात रबर नसते. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे मोटरच्या स्लॉटमध्ये (तारा बसवायच्या खाचांत) घालायला मिळणारा फिश पेपर ही त्याची पातळ, लवचिक, विद्युतरोधक प्रत असून, साच्याभोवती गुंडाळून नळी करायला माझ्या मते तीच सर्वांत सोयीची आहे. बोन फायबर अधिक घट्ट व कठीण असतो. त्याच्या यंत्रावर कातलेल्या कड्या उत्तम होतात, पण गुंडाळताना तो दाद देत नाही. कमर्शियल म्हणजे सर्वसाधारण प्रतीचा जाड पत्रा फिन (रॉकेटचे पंख) किंवा इंजिन नळीत धरून ठेवणाऱ्या कड्यांना पुरेसा आहे.

खरी अडचण दमटपणाची आहे. हा फायबर पाणी शोषून फुगतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक, त्यामुळे कोरड्या दिवसांत अलगद सरकणारा कपलर (दोन नळ्या जोडणारा आतला तुकडा) पावसाळ्यात अडकून बसतो. म्हणून पाण्याचा अंश असलेल्या फेव्हिकॉलऐवजी इपॉक्सी वापरावे, गुळगुळीत पृष्ठभाग आधी सँडपेपरने खरवडावा आणि कापलेल्या कडांसह आतबाहेर लॅकर लावावे.