वाचकांचे प्रश्न : तरुण संघ चालवताना

नाताळ जवळ आला की चर्चच्या तरुण संघाचं काम पाहणाऱ्यांची पत्रं वाढतात. या वेळी चार प्रश्न घेतले आहेत.

आमच्या मंडळीत नाताळच्या आठवड्यात घरोघरी गाण्याची फेरी निघते. तरुणांना गिटार हवी, वडीलधाऱ्यांना टिळकांची भजनं. दोन्ही एकत्र केलं की चौथ्या घरापर्यंत लय एवढी चढते की म्हाताऱ्या माणसांचा दम तुटतो. शेवटच्या दिवशी तर निम्म्यांचे आवाज बसलेले असतात. काय करावं?
— वाचक, श्रीरामपूर

भांडण गिटार आणि पेटीचं नाही, ठेक्याचं आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (1861–1919) पुष्कळ भजनं अभंग-ओवीच्या वळणाची आहेत आणि भजनी ठेक्यात, म्हणजे आठ मात्रांच्या आवर्तनात, सहज बसतात. गिटारवाला मात्र आठही मात्रांवर सारखाच हात मारतो. मग सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठली ते कानाला कळेनासं होतं, गाणारे ध्रुवपद अर्धी मात्रा आधीच उचलतात, त्यांना गाठायला ढोलकी पुढे सरकते आणि दोन कडव्यांत सगळे धावू लागतात. गिटारने फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर तारा छेडाव्यात, मधली जागा ढोलकीला सोडावी. टाळ एकाच्याच हातात द्या, तोही गाताना फारसा रंगात न येणाऱ्याच्या. पाच जणांनी टाळ घेतले की लय कुणाच्याच ताब्यात राहत नाही.

गिटार मोबाइलवरच्या ट्यूनरने लावू नका, पेटीवरून लावा. पेटीचे सूर ऐन वेळी हलवता येत नाहीत आणि जुन्या पेट्या मोबाइलच्या मापापेक्षा किंचित वर-खाली असतात. तो किंचित फरकच अंगणात कानाला टोचतो. राहिली पट्टी. पुरुष साधारण काळी एकमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये, तेव्हा घोळक्यात सगळ्यांना सोयीची पट्टी मिळत नाही. भजनातली सर्वांत उंच ओळ आधी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांकडून गाऊन घ्या. त्यांचा आवाज जिथे फाटतो, त्याच्या दोन पट्ट्या खाली उतरा. एरवी ही पोरं ओरडतात आणि त्यांच्यावर ताण करायला बाकीचेही ओरडतात. आवाज बसतात ते यामुळे, थंडीमुळे कमी.

घरटी एक भजन पूर्ण, दुसऱ्याची दोन कडवी आणि छोटी प्रार्थना, एवढं बारा मिनिटांत होतं. संध्याकाळी सातला निघून साडेनऊपर्यंत चालण्यासकट नऊ-दहा घरं होतात. यादीत वीस घरं असतील तर दोन रात्री करा, दोन टोळ्या नकोत, कारण चांगली ढोलकी एकच असते. आजारी आणि वयस्क माणसांची घरं आठच्या आत घ्या. त्या वर्षी ज्या घरात कुणी गेलं असेल, तिथे आदल्या दिवशी विचारून घ्या. बहुतेक घरं ‘या’ म्हणतात. तिथे ढोलकी दाराबाहेर ठेवा आणि एकच संथ भजन म्हणा. खाण्याचं सगळ्या घरांना आधी सांगून ठेवा : कोरडा फराळ पिशवीत द्यावा, प्यायला कोमट पाणी, थंड पेय नको.

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर आवाज करायला ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे बंदी आहे. हा नियम भोंग्यापुरताच आहे अशी पुष्कळांची समजूत असते. 2010 च्या दुरुस्तीनंतर त्यात वाद्यंही येतात, तेव्हा ढोलकीसुद्धा आली. ठरावीक सणांना सरकार 12 वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. तुमची फेरी त्या दिवसांत येते का, हे पोलीस ठाण्यात विचारूनच पत्रक छापा.

शिबिरात चाळीस जणांसाठी पोहे केले की दर वेळी लगदा होतो. घरी तर चांगले होतात.
— वाचक, मिरज

चार किलो पोहे एकाच पातेल्यात भिजवता, म्हणून. वरच्या पोह्यांच्या वजनाने खालचे दबतात आणि त्यांतलं पाणी निघायला जागा राहत नाही. जाडे पोहेच घ्या, चाळीस तरुण पोटांना चार किलो लागतात. एका वेळी एक किलो रोळीत घालून वरून पाणी ओता, हलवा, दहा मिनिटं निथळू द्या आणि हाताने मोकळे करा. मीठ, हळद, चिमूटभर साखर या मोकळ्या पोह्यांनाच लावा, कांद्यात मीठ पडलं की कांदा पाणी सोडतो. दोन किलो कांदा, अर्धा लिटर तेल, चारशे ग्रॅम शेंगदाणे. कढई दोनदा लावा, एकदाच भरू नका. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं पुरतात. आणि सकाळचं मनन नाश्त्यानंतर ठेवा. उपाशी पोरांना डोंगरावरचं प्रवचन वाचून दाखवण्यात काही भक्ती नाही.

एका सोळा वर्षांच्या मुलीने ‘कुणाला सांगणार नाही असं वचन द्या’ म्हणून बोलायला सुरुवात केली. घरच्याच कुणाबद्दल असावं असं वाटतं. वचन द्यावं का?
— पॅरिशमधील युवा कार्यकर्ता, वसई

देऊ नका, आणि हे तिचं बोलणं पुढे जाण्याआधीच सांगा. शब्द साधे ठेवा : ‘तू सांग, मी ऐकतो. पण तुला कुणी इजा करत असेल तर मला मदत बोलवावी लागेल. कुणाला आणि कधी, ते तुला आधी सांगेन.’ असं सांगितल्यावर काही मुलं गप्प होतात. होऊ द्या. वचन देऊन ते मोडलंत तर ती पुन्हा कुणाही मोठ्या माणसाशी बोलणार नाही.

बसायचं ते दार उघडं ठेवून, दुसरी एखादी जबाबदार बाई दिसेल पण तिला ऐकू जाणार नाही अशा अंतरावर. ‘त्याने हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत, ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका. त्याच संध्याकाळी तिचे शब्द जसेच्या तसे लिहा, खाली तारीख-वेळ घाला. ‘अयोग्य वर्तन’ असली स्वच्छ भाषा आपल्या पदरची घालू नका.

अठरा वर्षांखालील मुलाच्या वा मुलीच्या लैंगिक छळाची माहिती असणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावीच लागते, असं 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो (कलम 19). न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते (कलम 21). कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो रात्रंदिवस चालू असतो. प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे पापांच्या कबुलीची, गुप्तता ही फादरांची बाब आहे, युवा कार्यकर्त्याला तिचा आडोसा घेता येत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला स्वतः जाब विचारायला जाऊ नका. तो चर्चमधला वजनदार माणूस असेल तर प्रकरण आधी समितीपुढे न्यायचा मोह होईल. समितीत समेटाची भाषा सुरू होते आणि तोवर मुलीवर दबाव येतो. तिला ‘क्षमा कर’ म्हणून सांगणं हे तर त्या घडीला निव्वळ क्रौर्य आहे.

आणखी एक. प्रार्थनेच्या विनंत्यांत ‘आपल्यातल्या एका बहिणीसाठी’ असं काही बोलू नका. कोण ते अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं. पुढच्या रविवारी तिला नेहमीचंच काम द्या, चटया अंथरायच्या असतील तर चटया.

तरुण संघ, संडेस्कूल, शुक्रवारची घरसभा, शनिवारचा गाण्याचा सराव सगळं मीच बघतो. हल्ली एकटा प्रार्थनेला बसलो की शब्दच येत नाहीत. दुसऱ्यांना शिकवतो आणि आपण कोरडा. सोडून द्यावं का?
— वाचक, जालना

पवित्र शास्त्रातलं 1 राजे, अध्याय 19 पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाल्यावर संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचा चंबू आणि झोप, हे दोनदा होतं. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला पुढे होरेब डोंगरावर विचारला जातो. तेव्हा आधी चारातलं एक काम उतरवा. संडेस्कूल सोपं, तिथे मदतीला शिक्षक मिळतात. पाळकसाहेबांना याच आठवड्यात सांगा, म्हणजे जानेवारीपर्यंत माणूस उभा राहील.

कोरडेपणाचं एक कारण बहुधा असं, की पवित्र शास्त्र उघडता ते धडा काढायलाच. जे पुस्तक या वर्षी शिकवायचं नाही ते एकट्याने वाचा आणि टिपणं काढू नका. शब्द येत नसतील तर उसने घ्या : स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ चारदा विचारलंय. तेही जास्त आशेचं वाटलं तर स्तोत्र 88 आहे, ते अंधारातच संपतं आणि तरीही शास्त्रात आहे. झोप आणि भूक दोन-तीन आठवडे उडालेली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 वर बोला. तो श्रद्धेचा कमीपणा नाही.

सोडायचं की नाही ते डिसेंबरात ठरवू नका, या महिन्यात सगळेच थकलेले असतात. जानेवारीअखेर ठरवा. सोडायचंच ठरलं तर हिशेबाची वही, मुलांच्या घरचे फोन नंबर आणि हॉलची किल्ली एकाच दिवशी, दोघांसमोर, सही घेऊन द्या.