पेशंटला सांगायचं का, पुण्याचा भाऊ आणि हळदीचं पाणी : या वेळची प्रश्नोत्तरे

मिरजेत पेशंटच्या नातेवाईकांशी बोलणं हेच माझं काम, मेडिकल सोशल वर्कर म्हणतात त्याला. या वेळी आलेले बरेचसे प्रश्न आजारापेक्षा आजूबाजूच्या माणसांबद्दलच आहेत, त्यामुळं तेच घेतलेत. पत्रं थोडी कमी केलीत, नावं काढलीत.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे, तासगाव भागात द्राक्षबाग आहे. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघालाय, बायोप्सीचा रिपोर्ट आला. आम्ही त्यांना फक्त जखम चिघळलीय म्हणून सांगितलंय. आर. आर. आबांचं काय झालं ते त्यांनी जवळून बघितलंय, आबांचा विषय निघाला तरी डोळ्यात पाणी येतं त्यांच्या. कळलं तर खचतील. लपवलं तर चालेल का?

किती दिवस लपवणार ते आधी ठरवा. आता ऑपरेशन होणार, त्याच्या कन्सेंटवर सही त्यांचीच लागणार, शुद्धीवरच्या माणसाची सही मुलानं करून चालत नाही. मग बहुतेक शेक, म्हणजे रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस असं सहा एक आठवडे. तोंडावर जाळीचा मास्क बसवून तो टेबलाला क्लिपांनी अडकवतात आणि माणूस हलू नये म्हणून तसाच झोपवतात. बाहेर बाकड्यावर शेजारी कुणाच्या नाकात नळी, कुणाचा अर्धा जबडा काढलेला, आणि भिंतीवर मराठीत ठळक अक्षरात कर्करोग विभाग. तुम्ही फाईलला वर्तमानपत्राचं कव्हर घालाल हो, भिंतीला काय घालणार?

आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना कळलेलं असतं. घरात शिरलं की बोलणं थांबतं, सून रडून आलेली असते, धाकटा अचानक पाया पडतो. म्हातारा माणूस एवढ्यावरून ओळखतो, फक्त पोरांना त्रास नको म्हणून तो पण न कळल्याचं सोंग करतो. मग दोन्हीकडून नाटक चालू राहतं आणि रात्री त्याला जी भीती वाटते ती बोलायला घरात कुणीच उरत नाही.

आता आबांचं. 2015 च्या फेब्रुवारीत गेले ते, तोंडाचाच कॅन्सर, वय 57. तुमच्या तालुक्यात त्या दिवसापासून कॅन्सर म्हणजे संपलं हेच डोक्यात बसलंय, ते मी समजू शकते, अंजनीचा माणूस म्हणजे घरातलाच होता सगळ्यांना. पण 2004 मध्ये लोकसभेच्या धामधुमीत शरद पवारांचं पण तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर वीस वर्षांनी पण ते प्रचाराला फिरतच होते. सुपारी खाऊ नको म्हणून 40 वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी जाहीर सांगितलेलं आहे. तुमचे वडील यातल्या कुठल्या बाजूला जातील ते मी नाही सांगू शकत, ते गाठीची साईझ, मानेतल्या गाठींपर्यंत पोचलंय का, यावर असतं. पण त्यांच्या डोळ्यासमोर एकच उदाहरण असेल तर दुसरं पण ठेवता येतं, एवढंच.

सांगायचं कसं? एकदम सांगू नका, आधी विचारा. "आबा, तुम्हाला काय वाटतंय, कशाची जखम असेल?" (वडिलांना जे म्हणत असाल ते.) मग "रिपोर्ट आलाय, तुम्हाला सगळं सांगू का, का डॉक्टरांशी आम्हीच बोलू?" काही माणसं सरळ म्हणतात तुम्ही बघून घ्या, मला डिटेल नकोत. तो त्यांचा हक्क, मग बळजबरी नको. पण नको हे त्यांच्या तोंडून यायला पाहिजे, तुमच्या मीटिंगमध्ये ठरून नाही. सांगाल तेव्हा टीव्ही बंद, घरातली दोनतीनच माणसं, गाडीत किंवा एसटी स्टँडवर नको. कॅन्सर हा शब्द वापरा, त्याच्या पाठोपाठ उपचार कधी चालू होणार ते सांगा, आणि किती वर्षं वगैरे आकडे काढू नका, ते डॉक्टर पण छातीठोक सांगत नाहीत. "काय होत नाही ओ" असं तर मुळीच म्हणू नका.

ऐकल्यावर ते गप्प बसतील, चिडतील, किंवा डायरेक्ट विचारतील की मग ऑक्टोबरची छाटणी कोण बघणार. घाबरू नका, शेतकरी माणसाची भीती पहिल्यांदा बागेवरच निघते. छाटणीचं खरंच ठरवा त्यांच्याबरोबर बसून. आणि ते पाच पायऱ्यांचं व्हॉट्सॅपवर फिरतं ना, आधी नकार मग राग मग सौदा मग खिन्नता मग स्वीकार, ते 1969 मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून मांडलं होतं. ते टाईमटेबल नाही. सकाळी स्वीकार आणि दुपारी राग असं चालतं, आणि काहींना त्यातलं निम्मं काहीच होत नाही, म्हणून त्यांच्या मनाची तपासणी करत बसू नका.

प्रश्न : नणंदेनं व्हिडिओ पाठवलाय की सिद्धूच्या बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर हळद, कडुनिंब आणि लिंबूपाण्यानं गेला. मिस्टरांच्या दोन केमो झाल्यात. सासरचे म्हणतात साखर, दूध, भाकरी सगळं बंद करून हेच द्या. मी नाही म्हटलं तर मीच वाईट. काय करू?

सांगलीच्या माणसाला हळदीचं कौतुक आम्ही काय सांगायचं, पेठ आपली, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आपल्या हळदीला. पण तेवढ्यासाठी खोटं नाही बोलता येत.

तो प्रकार नोव्हेंबर 2024 चा. नवज्योतसिंग सिद्धूंनी प्रेस घेऊन डाएटचं सांगितलं, ते एवढं पसरलं की टाटा मेमोरियलच्या आजीमाजी 262 कॅन्सर डॉक्टरांनी सह्या करून पत्रक काढलं की याला पुरावा नाही, हे ऐकून उपचार थांबवू नका. मुख्य म्हणजे त्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालं होतं, केमो झाली होती, आणि नंतर सिद्धूंनी स्वतःच खुलासा केला की डाएट डॉक्टरांना विचारूनच होतं. व्हिडिओत हा भाग येत नाही, कारण ऑपरेशन झालं आणि केमो झाली याला कोण फॉरवर्ड करणार.

हळदीतलं कर्क्युमिन लॅबमधल्या पेशींवर काम करताना दिसतं हे खरं. पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं. आमटीभाजीतली हळद चालू दे, मेडिकलमधल्या स्ट्राँग कॅप्सूल आणि चमचे चमचे हळद नको, त्यानं लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आहेत आणि केमोत लिव्हर आधीच कामाला लागलेलं असतं. साखरेचं म्हणाल तर कॅन्सर उपाशी मारायला जाऊन माणूसच उपाशी राहतो. वजन उतरलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की पुढची केमो पुढं ढकलतात. अंडी, डाळ, घट्ट वरण, ताजं दही, पनीर, भाकरी खाऊ दे त्यांना. डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना विचारा.

आणि नणंदेशी वाद घालू नका, हरणार तुम्ही. तिला भावाची काळजी आहे आणि काहीतरी करावंसं वाटतंय, दुसरं हातात काही नाही म्हणून व्हिडिओ. तिला काम द्या. केमोच्या दिवशीचा डबा तिच्याकडं, मऊ मुगाची खिचडी, तिखट कमी. पुढच्या व्हिजिटला तिलाच आत घेऊन जा आणि हळदीचा प्रश्न तिलाच डॉक्टरांना विचारू दे. डॉक्टर नाही म्हणाले की मग तुम्ही वाईट नाही.

प्रश्न : मी 41 वर्षांची, साताऱ्यात राहते, ब्रेस्टचं ऑपरेशन आणि केमो झाली. येणारा प्रत्येकजण म्हणतो युवराज बघ कसा परत खेळला, सोनाली बेंद्रे बघ, तू पण फायटर आहेस. मला काही लढावंसं वाटत नाही, झोपावंसं वाटतं. माझं मन कमजोर आहे का?

नाही ओ ताई. केमोनंतरचा थकवा झोपून पण जात नाही, कितीतरी महिने राहतो कधीकधी, त्याला मन कमजोर असायची गरज नाही.

युवराजचं काय होतं बघा, त्याला छातीत फुप्फुसांच्या मधे जर्म सेल प्रकारची गाठ होती, केमोला चांगला प्रतिसाद देणारा प्रकार तो. अमेरिकेत ट्रीटमेंट घेऊन 2012 च्या सप्टेंबरमध्ये परत मैदानात आला, मानलंच पाहिजे. पण तो तिशीतला खेळाडू, आजार वेगळा, औषधं वेगळी, हाताशी पैसा. सोनाली बेंद्रे यांनी 2018 मध्ये स्वतः जाहीर केलं, टक्कल केलेला फोटो टाकला, त्यामुळं कितीतरी बायकांची लाज गेली असेल, हा मोठाच उपकार. म्हणून तुम्ही पण हसत फोटो काढलाच पाहिजे असं थोडंच आहे? इरफाननी पण सांगितलं, लढले, आणि 2020 मध्ये गेले. ते लढायला कमी पडले असं कोण म्हणेल? मग पेशंटला हे लढायचं ओझं कशाला.

येणाऱ्यांना सांगायला एक वाक्य तयार ठेवा : "बोलायला दम नाही, बसा थोडं, चहा मिस्टर करतील." जे बसतील ते तुमचे. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, रडू थांबत नसेल, जगू नये वाटत असेल तर मात्र तो नुसता थकवा नाही, डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, फुकट आहे, रात्री पण.

प्रश्न : सासूबाई माझं ताट, वाटी, टॉवेल वेगळं ठेवतात. कॅन्सर लागतो का?

लागत नाही. जेवणानं नाही, शिवल्यानं नाही, नवराबायको एका अंथरुणात झोपल्यानं नाही. बाहेरून मशीननं दिलेल्या रेडिएशननं पण माणूस दुसऱ्याला बाधत नाही, नातवंडांना मांडीवर घ्या. केमो झाल्यावर दोन दिवस फक्त उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घालायचे, फ्लश दोनदा करायचा, एवढंच. सासूबाईंच्या डोक्यात टीबी असणार, आपल्याकडं वान्लेसवाडीला टीबीचं सॅनिटोरियम होतं, त्या पिढीनं आजारी माणूस वेगळा ठेवलेलाच बघितलाय. त्यांना सुनेनं सांगून पटणार नाही, नर्सबाईंकडून सांगा.

प्रश्न : आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सगळं मी आणि बायको करतो. भाऊ पुण्यात, महिन्यातून एकदा येतो आणि डॉक्टरांना झापतो, आम्हाला पण बोलतो की नीट दवाखाना का बघितला नाही. मला आता आईचा पण राग येतो, मग स्वतःची लाज वाटते.

हा भाऊ मला दर शनिवारी भेटतो. हातात फोन, त्यात गुगल, आल्या आल्या "याच्यापेक्षा चांगलं सेंटर नाही का इथं". लांबच्या माणसानं आजार हळूहळू वाढताना बघितलेला नसतो, त्याला आई एकदम सुकलेली दिसते आणि आपण इथं नव्हतो हे टोचतं, ते तो डॉक्टरवर आणि तुमच्यावर काढतो. समजून घ्या म्हणत नाही, काम सांगा म्हणते. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेची कागदं, रेशन कार्ड, आधार, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडं, पाठपुरावा, हे फोनवरून पुण्यातनं पण होतं. योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, डायलिसिस त्यात बसतं. आणि वर्षातनं दोनदा तरी तुम्ही दोघं चार दिवस बाहेर जा, आई त्याच्या ताब्यात. दोन डायलिसिस त्यानं स्वतः केली, चार तास बाकड्यावर बसला की आवाज आपोआप खाली येतो.

रागाचं म्हणाल तर वर्षानुवर्षं करणाऱ्यालाच राग येतो, महिन्यातून एकदा येणाऱ्याला प्रेमच येतं. आईवर ओरडावंसं वाटलं की बाहेर चक्कर मारून या. हात उचलावासा वाटायला लागला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, 14416 आहेच.

प्रश्न : पुतण्यानं काकांचा आयसीयूतला फोटो स्टेटसला टाकला, "प्रार्थना करा". दोन तासांत गावात भावपूर्ण श्रद्धांजली फिरली. काका जिवंत आहेत. आता काय?

लतादीदींच्या बाबतीत 2022 च्या जानेवारीत हेच, त्या ब्रीच कँडीत होत्या आणि अफवा पसरवू नका म्हणून घरच्यांकडून सांगावं लागलं. एवढ्या मोठ्या बाईचं असं होतं तर तुमच्या काकांचं काय. फोटो काढायला लावा, रागवू नका, पोरगं घाबरलेलं असेल. मग घरातला एकच माणूस ठरवा, रोज संध्याकाळी ग्रुपवर दोन ओळी तोच टाकेल, बाकीच्यांनी विचारलं तर त्याचाच नंबर द्यायचा. आणि काका शुद्धीवर आले की फोटोचं त्यांना तुम्हीच सांगा, नाहीतर भेटायला येणारा पहिला माणूस सांगणारच आहे.