‘राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू’ असे सांगितले जाते तेव्हा

अलीकडे माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या नोकरदारांच्या तोंडी एकच तक्रार थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते. एचआरने, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने, खोलीत बोलावून घेतले, राजीनामा दिला नाही तर काढून टाकावे लागेल असे सांगितले आणि संध्याकाळपर्यंतची मुदत दिली; आता काय करावे? पुण्यात हिंजवडी किंवा खराडीच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. खाली ज्या गृहस्थांची हकिकत देत आहे त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 44, एकाच कंपनीत 11 वर्षे सेवा, हुद्दा मॅनेजरचा. कंपनी दोन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचे पत्र देऊ करत होती. विनवण्या करून त्यांनी मुदत सोमवारपर्यंत वाढवून घेतली होती आणि त्या अवधीत ते माझ्याकडे आले.

“मॅडम, राजीनामा दिला तर निदान अब्रू राहील. टर्मिनेशन म्हणजे कपाळावर शिक्काच.”

“तो शिक्का कोण मारणार?”

“पुढची कंपनी. बॅकग्राउंड चेकमध्ये सगळं बाहेर येतं.”

“समजा आलं. मग गेल्या 11 वर्षांत तुम्ही केलेलं काम खोटं ठरतं का?”

यावर ते बराच वेळ गप्प राहिले. माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांत झाली असल्यामुळे, घटनेपेक्षा माणसाने तिचा लावलेला अर्थ तपासण्याकडे माझा कल असतो, आणि येथे तो अर्थ उघड दिसत होता: कंपनीला मी नको आहे, म्हणजे मी नालायक आहे. असे एकदा मनाशी ठरले की माणूस कागद वाचत नाही, हिशेब विचारत नाही, घरी कळण्याआधी प्रकरण मिटावे एवढेच त्याला हवे असते. ‘संध्याकाळपर्यंत’ ही मुदत नेमकी याच लाजेवर चालते.

पुढच्या भेटीत एचआरने पाठवलेला राजीनाम्याचा तयार मजकूर मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितला. फोनवरचा मेल काढून ते यांत्रिकपणे वाचू लागले: ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ मी विचारले, “तुमचं वैयक्तिक कारण काय आहे?” ते थांबले. तीच ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचली आणि मग काहीशा चिडक्या स्वरात म्हणाले, “माझं कारणच नाही. कारण त्यांचं आहे आणि सही मात्र माझी.” त्यांच्या आवाजातली ती चीड ऐकून मला मनोमन बरे वाटले, कारण तोपर्यंत ते केवळ स्वतःलाच दोष देत होते. आत्मसन्मानाचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न यांची त्यांच्या मनात पडलेली गाठ तेथे सुटली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माझी मदत होणार होती, दुसऱ्याचे उत्तर कायद्यात आधीच लिहिलेले होते.

मी वकील नाही आणि अशा प्रत्येकाला मी वकिलाकडे पाठवतेच. तरीही मला वाटते की निराधार भीती कमी करायची असेल तर समुपदेशकाला कायद्याची तोंडओळख असलीच पाहिजे; निव्वळ दीर्घ श्वास घ्यायला सांगून कोणाचा पगार सुरू राहत नाही. 21 नोव्हेंबर 2025 रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यांनी 29 जुन्या कायद्यांची जागा घेतली. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेनुसार, शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा संपवली, तर ती सामान्यतः ‘कपात’ (रिट्रेंचमेंट), म्हणजे नोकरकपात ठरते. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला अशा वेळी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत हे 165 दिवस होतात, म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला यातले काही मिळत नाही, आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द तेथे कशासाठी असतात ते यावरून कळावे. दबावाखाली दिलेल्या राजीनाम्याला आव्हान देता येते, परंतु दबाव होता हे मग आपल्याला सिद्ध करावे लागते.

अर्थात या संहितेत ‘कामगार’ कोण, हा प्रश्न उरतोच. व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक यांतून वगळले आहेत. मात्र हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप न्यायालये पाहतात. आमचे गृहस्थ नावाचे मॅनेजर होते, दिवसभर स्वतः कोड लिहीत होते आणि कोणाची साधी रजाही मंजूर करू शकत नव्हते. वकिलांच्या मते हा मुद्दा मांडण्याजोगा होता. जे खरोखरच व्यवस्थापक आहेत त्यांनीही हात झटकून बसू नये, कारण वेतन संहिता आणि ग्रॅच्युइटी त्यांनाही लागू आहे. नोकरी कोणत्याही मार्गाने संपली तरी थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते, आणि पाच वर्षे सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी हा हक्क असतो. तिची रक्कम ‘पॅकेज’मध्ये मिसळून कंपनी औदार्य दाखवत असेल, तर ती आधी वेगळी काढून मग आकडा पाहावा.

त्या सोमवारी त्यांनी एचआरला केवळ तीन ओळींचा मेल पाठवला: राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही, सेवा संपवायची असल्यास कारण लेखी कळवावे, आणि कागदपत्रे पाहण्यासाठी मला वेळ हवा आहे. पाठवण्यापूर्वी त्यांचा हात थरथरत होता हे त्यांनी नंतर सांगितले. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि कामगिरीचे अहवाल त्यांनी ऑफिसचा लॉगिन चालू असतानाच काढून ठेवले होते, आणि त्याच रात्री पत्नीला सगळे सांगितले. हे शेवटचे काम मला मेलइतकेच महत्त्वाचे वाटते.

प्रत्येकाने लढावे असे माझे म्हणणे नाही. हातात दुसरी नोकरी असेल किंवा देऊ केलेली रक्कम खरोखरच चांगली असेल, तर राजीनामा देणे शहाणपणाचे ठरू शकते. पण मग तो हिशेब करून द्यावा, लाजेपोटी नव्हे, आणि ठरलेली रक्कम सही करण्यापूर्वी लेखी घ्यावी.

वकिलांच्या पत्रानंतर कंपनीने पद रद्द झाल्याचे पत्र दिले, पाच महिन्यांचा पगार दिला आणि ग्रॅच्युइटी स्वतंत्रपणे चुकती केली. नोकरी गेलीच. पुढचे काही महिने कठीण होते, आणि आमच्या भेटींपैकी बहुतेक त्याच काळातल्या आहेत. नंतरच्या एका मुलाखतीत नोकरी का सोडली असे विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले की पद रद्द झाले. मुलाखत घेणाऱ्याने ‘बरं’ म्हणून पुढचा प्रश्न डेटाबेसबद्दल विचारला. ती नोकरी त्यांना मिळाली. आता ते अधूनमधून येतात तेव्हा विषय बहुधा तिथल्या तिशीतल्या बॉसचा असतो.