कॅसअमिनो प्लेटवरही न वाढणारी कॉलनी: पुढे काय करायचं?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: ई. कोलाय या जिवाणूच्या एलबी प्लेटवरून (हिच्यात सगळं अन्न तयार असतं) मखमलीने कॉलनींचे छाप दुसऱ्या प्लेटांवर घेतले, तीन कॉलनी मिनिमल प्लेटवर (हिच्यात अगदी मोजकं अन्न, बाकी सगळं पेशीने स्वतः बनवायचं) आल्या नाहीत. कॅसअमिनो अ‍ॅसिड घातल्यावर दोन आल्या, तिसरी नाही. म्हणून तिसरीला ‘अमिनो आम्ल लागत नाही, व्हिटॅमिन लागत असणार’ असं तुम्ही धरलंत.

एवढ्यात तसं धरू नका. कॅसअमिनो अ‍ॅसिड म्हणजे आम्लाने तोडलेलं केसीन (दुधातलं प्रथिन), आणि त्या तोडण्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नष्ट होतं, ग्लुटामिनचं ग्लुटामेट होतं. म्हणजे ट्रिप्टोफॅनचा म्युटंट (ते स्वतः बनवू न शकणारा) या प्लेटवर उपाशीच राहणार. पहिल्यांदा मिनिमल + कॅसअमिनो + ट्रिप्टोफॅन (साधारण ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली) अशी एक प्लेट करा. तिथेही वाढ नसेल, तर मग व्हिटॅमिनं, प्युरिन आणि पिरिमिडिन (डीएनए-आरएनएचे घटक) यांच्याकडे वळा.

त्याआधी मूळ प्रजाती (म्हणजे स्ट्रेन, ज्यातून हे म्युटंट निघाले) तपासा. डीएच५ अल्फासारख्या प्रयोगशाळेतल्या प्रजातींना मुळातच थायमिन (व्हिटॅमिन बी१) लागतं. मिनिमलमध्ये ते (१ मायक्रोग्रॅम प्रति मिली पुरतं) नसेल, तर सगळ्याच कॉलनी म्युटंट वाटतील. प्रत्येक प्लेटवर मूळ प्रजातीचा ठिपका हवाच.

छाप घेताना मिनिमल प्लेट आधी, एलबी सगळ्यात शेवटी. शेवटच्या एलबीवर सगळ्या कॉलनी उमटल्या, तरच ‘मिनिमलवर आली नाही’ याला अर्थ आहे. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तितकीच भरवशाची आहे, पण एका छापावर कधीच थांबू नका. संशयित कॉलनी एलबीत वाढवा, पेशी सलाइनने दोनदा धुवा आणि मगच ठिपके द्या. न धुतलेल्या पेशींसोबत एलबीतलं अन्न येतं आणि फिकट, फसवी वाढ दिसते. दाट ठिपक्यात सुट्या चार-दोन कॉलनी उगवल्या तर ते बहुधा रिव्हर्टंट (म्युटेशन उलटून पुन्हा मूळासारखे झालेले) असतात, त्यांना ‘वाढ’ म्हणून नोंदवू नका.

आता नेमका घटक. पंचवीस घटक असतील तर पंचवीस प्लेटा ओतायची गरज नाही. पाच बाय पाचचा तक्ता आखा, प्रत्येक ओळीचं एक मिश्रण आणि प्रत्येक स्तंभाचं एक: दहा प्लेटा. म्युटंट ज्या ओळीच्या आणि ज्या स्तंभाच्या प्लेटवर वाढेल, त्यांच्या छेदावरचा घटक त्याला हवा आहे. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन मात्र एकाच चौकोनात ठेवा, कारण ई. कोलायच्या के-१२ गटातल्या प्रजातींची वाढ नुसत्या व्हॅलिनने थांबते.

एकाच ओळीवर वाढ आणि स्तंभ एकही नाही, किंवा उलट, असं झालं तर घाबरू नका. एका म्युटेशनने दोन गरजा निर्माण होऊ शकतात, आणि ते दोन्ही घटक एकाच ओळीत किंवा एकाच स्तंभात असले तर असं दिसतं. कार्बामॉइल फॉस्फेट बनवणारं एन्झाइम गेलं की आर्जिनिन आणि युरासिल दोन्ही लागतात. प्युरिनचे सुरुवातीचे टप्पे अडले की अ‍ॅडेनिनसोबत थायमिनही लागतं.

ज्या दोन कॉलनी कॅसअमिनोवर वाढल्या, त्यांतली एखादी आर्जिनिनची निघाली तर आणखी खोलात जाता येतं (पेशी आधी ऑर्निथिन, त्यातून सिट्रुलिन आणि त्यातून आर्जिनिन बनवते). ऑर्निथिनवर वाढली तर अडथळा ऑर्निथिनच्या आधी. ऑर्निथिनवर नाही पण सिट्रुलिनवर वाढली, तर त्या दोघांमधल्या टप्प्यावर. फक्त आर्जिनिनवरच वाढली, तर सिट्रुलिनच्या पुढे.

मूळ प्रजातीचा जीनोटाइप (तिच्यात आधीपासून असलेल्या म्युटेशनांची यादी) आणि मिनिमल प्लेटमध्ये नेमकं काय काय घातलंत ते इथे लिहा, तक्ता आखायला मी मदत करते.