आययूआय की थेट आयव्हीएफ? आधी मिस्टरांचा रिपोर्ट येऊ द्या

ताई, पाच वर्षांपूर्वी पहिलं मूल सहज झालं, आता वय ३६, दीड वर्ष चान्स घेताय आणि डॉक्टरांनी 'आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) करा नाहीतर थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी)' असं सांगून निर्णय तुमच्यावर सोडलाय. मीही यातून गेले आहे. "एक आहे ना, मग कशाला त्रास?" हे ऐकताना किती लागतं, ते मला माहीत आहे.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मात्र खटकली. तुमच्या मिस्टरांनी वीर्यतपासणी केलेली नाही, कारण "पहिलं झालंच ना". आमच्याकडे अगदी हेच झालं. माझे सहा महिने बीज वाढायच्या गोळ्या आणि फॉलिक्युलर स्टडीत (बीज वाढतंय का बघायच्या सोनोग्राफीत) गेले, मग माझ्या मिस्टरांचा रिपोर्ट काढला तर हालचाल करणारे शुक्राणू फारच कमी. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या, निघालं. पाच वर्षांत पुरुषाचं शरीरही बदलतं हो! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत शुक्राणूंच्या संख्येची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आहे. पण एका रिपोर्टवर घाबरू नका. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तपासणी पुन्हा करतात.

दुसरं म्हणजे ट्यूब्ज, गर्भाशयाच्या बीजनलिका. तुमचं सिझेरियन झालंय, त्यानंतर आत चिकटलेपणा येऊ शकतो. एचएसजी (ट्यूब उघड्या आहेत का बघणारा एक्स-रे) केल्याशिवाय आययूआयला होकार देऊ नका. आययूआयमध्ये धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडतात, पण बीज आणि शुक्राणूंची भेट होते ट्यूबमध्येच. दोन्ही बंद असतील तर कितीही वेळा केलं तरी उपयोग नाही. ट्यूबमध्ये पाणी साठलेलं दिसलं, तर ते गर्भाशयात उतरून आयव्हीएफचाही चान्स कमी करतं, म्हणून आधी ती ट्यूब काढतात किंवा बंद करतात. पाळी संपल्यावर तपकिरी डाग पडत राहतात का? तसं असेल तर सोनोग्राफीत सिझेरियनच्या व्रणाची जागा नीट बघायला सांगा.

एएमएच या रक्ततपासणीचा आकडा कमी आला म्हणून रडू नका. बीजांचा साठा साधारण किती, एवढंच त्यातून कळतं. दर्जा मुख्यतः वयावर असतो.

हे सगळं ठीक असेल तर तुमच्या जागी मी गोळ्यांसोबत तीन आययूआय करीन, आकडा आधीच ठरवून. चौथं नाही. चाळिशीला टेकले असते तर आययूआयमध्ये वेळ घालवलाच नसता. आयव्हीएफ करायचंच झालं तर एकच गर्भ सोडायचा आग्रह धरा, बाकीचे गोठवता येतात. जुळ्यांमध्ये वेळेआधी प्रसूतीचा धोका जास्त, त्यात तुमचं आधी सिझेरियन झालेलं, आणि घरी पाच वर्षांचं लेकरू आहे.

पहिल्या सिझेरियनचे कागद शोधून ठेवा, डॉक्टरांना लागतील. मिस्टरांचा रिपोर्ट आला की कळवा, मिळून बघू.